घरची कार्यशाळा : कांटा शून्यावर असतांना

विजेचीं जुनीं उपकरणें उघडून पाहण्याची आणि शक्य तितकीं घरच्या घरीं दुरुस्त करण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. पूर्वीं वाड्याच्या माडीवर एका कोपऱ्यांत पाट मांडून, त्यावर घड्याळाचीं चक्रें नाहीं तर सायकलचा दिवा पसरून बसलेले काका पुष्कळांनीं पाहिले असतील. आतां वाडे गेले, माड्याही गेल्या. परंतु सदनिकेच्या गॅलरींत दोन हात लांबीचें टेबल मांडून, संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर आजोबांच्या वेळचा रेडिओ, मुलांची विजेची आगगाडी किंवा स्वयंपाकघरांतील मिक्सर यांच्याशीं झटापट करणारी मंडळी आजही घरोघर आढळतात. अशा हौशी माणसाचें मन या कामांत एकदां रमलें म्हणजे आज ना उद्यां त्याला एका यंत्राची ओढ लागते. ज्याची मूठ फिरवितांच विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, शून्यापासून पाहिजे तितका हळूहळू वाढवितां येतो, तें हें परिवर्ती रोहित्र.

या महिन्यांत त्याच यंत्राविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. तें कसें चालतें, कोठें मिळतें, घेतांना काय पाहावें, हें तर सांगूंच. परंतु लेखाचा मुख्य हेतु एक गैरसमज दूर करणें हा आहे. कांटा शून्याजवळ असला म्हणजे हातांतील तार निर्धोक झाली, असें समजणारे लोक सुशिक्षितांतही पुष्कळ आहेत. ही समजूत चुकीची आहे. आणि विजेच्या कामांतील चुकीची समजूत वादांत हरण्याइतकी स्वस्त पडत नाहीं.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. परिवर्ती रोहित्र हें भारदस्त नांव बाजारांत कोणी घेत नाहीं. आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत व विजेच्या दुकानांत याला ‘डिमरस्टॅट’ म्हणतात. परदेशांत ‘व्हॅरिॲक’ म्हणतात. हीं दोन्ही मूळचीं व्यापारी नांवें. परंतु वनस्पति तुपाला सरसकट ‘डालडा’ म्हणण्याची जशी रीत पडली, तशीच येथेंही झाली. व्हॅरिॲक हें नांव अमेरिकेंतील केंब्रिज येथील जनरल रेडिओ या कंपनीचें होय. तेथील एड्वर्ड कार्पलस या अभियंत्यानें १९३० नंतरच्या दशकांत हें यंत्र सिद्ध केलें. त्यामागील तत्त्व मात्र सुमारें शंभर वर्षांनीं जुनें आहे. मायकेल फॅरडे यानें १८३१ च्या ऑगस्टमध्यें एका लोखंडी कड्यावर तारेचीं दोन वेष्टनें गुंडाळलीं आणि एका वेष्टनांतील प्रवाह चालू अथवा बंद केला असतां दुसऱ्यांत क्षणमात्र प्रवाह उत्पन्न होतो, हें दाखविलें. पुढें १८८५ सालीं बुडापेस्टच्या गांझ कारखान्यांतील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या त्रयीनें मिटलेल्या गाभ्याचें व्यवहारोपयोगी रोहित्र तयार केलें.

रस्त्याच्या कडेला खांबांवर बसविलेलें जें रोहित्र आपण नेहमीं पाहतों, त्याच्या पोटांत दोन स्वतंत्र वेष्टनें असतात. एकांतून दुसऱ्यांत जी शक्ति जाते ती चुंबकत्वाच्या द्वारें जाते. तारेला तार कोठेंही लागलेली नसते. डिमरस्टॅटमध्यें मात्र वेष्टन एकच. पोलादी पट्टीच्या कड्यावर इनॅमल चढविलेल्या तांब्याच्या तारेचे एकास एक लागून शेंकडों वेढे घातलेले असतात, आणि एका बाजूनें त्या वेढ्यांवरील इनॅमल काढून तांबें उघडें केलेलें असतें. मुठीच्या दांड्याला बसविलेला कार्बनचा ब्रश या उघड्या वाटेवरून सरकतो आणि ज्या वेढ्यावर तो थांबेल तेथपर्यंतचा दाब बाहेर काढून देतो. आपल्याकडील यंत्रांत सामान्यतः २४० व्होल्ट आंत घेऊन ० पासून २७० पर्यंत कोणताही दाब बाहेर देण्याची सोय असते. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरप्रमाणें हें यंत्र विजेच्या लाटेचे तुकडे पाडीत नाहीं. लाट अखंड ठेवून तिची उंची मात्र कमीजास्त करतें. हाच याचा मोठा गुण आहे.

परंतु वेष्टन एकच आहे, या एका गोष्टींतच सर्व धोक्याचें मूळ आहे. आंत येणाऱ्या दोन तारांपैकीं एक तार जशीच्या तशी बाहेर जाते. ती दोन्ही बाजूंस सामाईक असते. मुठीवरचा कांटा जो आकडा दाखवितो तो या सामाईक तारेंत आणि ब्रशच्या तारेंत असलेल्या अंतराचा आकडा होय. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांत आणि त्या तारांत किती अंतर आहे, याविषयीं कांटा एक अक्षरही बोलत नाहीं.

हें एका साध्या दृष्टान्तानें स्पष्ट होईल. जिन्याच्या लागोपाठच्या दोन पायऱ्यांमध्यें अंतर वीतभर असतें. पण तेवढ्यावरून तेथून खालीं पडलेला मनुष्य वीतभरच पडेल असें कोणी म्हणत नाहीं. कारण त्या दोन पायऱ्या तळमजल्याच्या आहेत कीं तिसऱ्या मजल्याच्या, हें आधीं विचारावें लागतें. डिमरस्टॅटचा कांटा पायऱ्यांमधील अंतर सांगतो. मजला सांगत नाहीं.

आतां प्रत्यक्ष आकडे घेऊं. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टांची. तिच्या दोन तारांपैकीं न्यूट्रलची तार जमिनीशीं जवळजवळ समपातळींत असते आणि फेजची तार तिच्याहून २३० व्होल्टांनीं वर असते. जोडणी बरोबर असेल तर सामाईक तार ही न्यूट्रलची असते. मग कांटा ४० वर ठेवला असतां एक तार जमिनीच्या पातळीवर व दुसरी ४० व्होल्टांवर राहील. परंतु त्या यंत्राला दोन पिनांचा प्लग असेल आणि तो उलटा बसला, तर सामाईक तार फेजची होते. कांटा तोच ४० दाखवील. पण या वेळीं सामाईक तार जमिनीहून २३० व्होल्टांवर व ब्रशची तार १९० व्होल्टांवर असेल. कांटा अगदीं शून्यावर आणला, तर दोन्ही तारा २३० वर जातील! उलट्या जोडणींत कांटा जितका खालीं तितकी ब्रशची तार अधिक घातक, हा चमत्कार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

दुसरा प्रसंग याहूनही फसवा आहे. प्लग बरोबर बसला आहे, पण आंत येणारी न्यूट्रलची तार कोठें तरी तुटली. आतां प्रवाहाला परत जाण्याची वाट नाहीं. म्हणून बाहेरच्या दिव्यांत उजेड नाहीं आणि बाहेरच्या दोन तारांवर मीटर लावला तर तो शून्य दाखवितो. यंत्र बंद पडलें असें वाटतें. वस्तुतः फेजचा दाब वेष्टनांतून सरळ सामाईक तारेपर्यंत पोंचलेला असतो व दोन्ही तारा २३० व्होल्टांवर वाट पाहत असतात. ‘काय बिघडलें’ म्हणून हात घालावा तो नेमका अशा वेळीं.

यावर उपाय तीन आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नसून जोडीदार आहेत.

पहिला उपाय जोडणीचा. डिमरस्टॅटला तीन पिनांचाच प्लग असावा, त्याच्या लोखंडी अंगाला अर्थिंगची हिरवी तार पक्की आवळलेली असावी, आणि त्याचा खटका एकच नव्हे तर दोन्ही तारा तोडणारा असावा. भिंतींतील सॉकेटसुद्धां तपासावें. समोरून पाहतां अर्थिंगचें मोठें छिद्र वर, फेज उजव्या हातास आणि न्यूट्रल डाव्या हातास, असा क्रम असला पाहिजे. जुन्या इमारतींत रंगाऱ्याच्या किंवा गवंड्याच्या कामानंतर हा क्रम उलटलेला असूं शकतो. मल्टिमीटरनें उजव्या छिद्रांत व अर्थिंगमध्यें सुमारें २३० आणि डाव्या छिद्रांत व अर्थिंगमध्यें जवळजवळ शून्य दाब मिळाला तर ठीक. एरव्हीं आधीं परवानाधारक वायरमनला बोलवावें आणि मगच पुढचें काम.

दुसरा उपाय अलगतेचा. दोन स्वतंत्र वेष्टनांचें, २३० व्होल्ट घेऊन २३० व्होल्टच देणारें रोहित्र मिळतें. त्याला बाजारांत ‘आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर’ म्हणतात. भिंतीकडून आधीं त्यांत वीज घ्यावी, त्याच्या दुसऱ्या वेष्टनांतून डिमरस्टॅटला द्यावी, आणि डिमरस्टॅटमधून दुरुस्तीच्या उपकरणास द्यावी. असें केल्यानें बाहेरच्या कोणत्याही एका तारेचें जमिनीशीं नातें उरत नाहीं. एकाच तारेला चुकून स्पर्श झाला तर प्रवाहाला जमिनींतून परतण्याची वाट मिळत नाहीं. मात्र दोन्ही तारांना एकदम हात लागला तर हें रोहित्र कांहींएक वाचवूं शकत नाहीं. तसेंच एका वेळीं एकच उपकरण त्यावर लावावें. दोन लावलीं म्हणजे एकाच्या दोषानें दुसऱ्याची अलगता नष्ट होऊं शकते.

तिसरा उपाय पहारेकऱ्याचा. घरच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असावा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत न येतां शरीरावाटे जमिनींत गळूं लागला तर तो निमिषार्धांत वीज तोडतो. याच्या अंगावर चाचणीचें बटण असतें. तें अधूनमधून दाबून पाहावें. परंतु याचाही अधिकार मर्यादित आहे. एका हातांतून दुसऱ्या हातांत, तारेकडून तारेकडे जाणारा प्रवाह त्याला चोर वाटत नाहीं. तो त्याला दिव्यांतून जाणारा नेहमींचाच प्रवाह वाटतो. अलग रोहित्राच्या पलीकडे काय घडतें तेंही त्याला दिसत नाहीं. म्हणूनच म्हटलें कीं, हे जोडीदार आहेत. एक आहे म्हणून दुसरा नको, असें नाहीं.

धोक्याचें दुसरें अंग प्रवाहाचें. डिमरस्टॅटच्या पाटीवर ४, ८, १५ असे अँपिअरचे आकडे असतात. हा आकडा ब्रशच्या व वेढ्यांच्या सहनशक्तीचा आहे. ८ अँपिअरचें यंत्र २४० व्होल्टांवर सुमारें १९०० वॉटचें काम करतें, म्हणून ४० व्होल्टांवरही तितकेंच करील आणि तेथें ४८ अँपिअर देईल, असा हिशेब कित्येक हुशार मंडळी मांडतात. तो खोटा आहे. ४० व्होल्टांवरही त्याची मर्यादा आठच अँपिअर. म्हणजे काम ३२० वॉटचें.

येथेंच फ्यूजची गोष्ट येते. पुष्कळ ठिकाणीं फ्यूज फक्त आवक बाजूला असतो. समजा, ८ अँपिअरचा फ्यूज आवकेस लावला आहे, कांटा २० वर आहे, आणि बाहेर अर्ध्या ओहमाचा सदोष जोड लागला. बाहेरचा प्रवाह ४० अँपिअर होईल, म्हणजे ब्रशच्या शक्तीच्या पांचपट. पण आवकेचा प्रवाह किती? ४० गुणिले २० भागिले २३०. म्हणजे अवघा साडेतीन अँपिअर. फ्यूजला या अनर्थाची वार्ताही लागत नाहीं, आणि इकडे ब्रश लाल होऊन वेढे जळूं लागतात. म्हणून जावक बाजूस, ब्रशच्या तारेंत, यंत्राच्या अँपिअरइतका किंवा त्याहून कमी फ्यूज अवश्य असावा. आवकेचा फ्यूज मात्र सावकाश वितळणाऱ्या जातीचा घ्यावा. कारण कड्याच्या आकाराचा गाभा खटका दाबतांच क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, आणि साधा फ्यूज त्या धक्क्यानेंच जातो.

आवक आणि जावक यांची अदलाबदल हाही एक प्राणघातक नसला तरी यंत्रघातक प्रकार आहे. भिंतीची वीज चुकून जावक बाजूच्या खिळ्यांना दिली आणि कांटा खालीं असला, तर थोड्याशा वेढ्यांवर संपूर्ण २३० व्होल्ट पडतात आणि यंत्र डोळ्यांदेखत जळतें. म्हणून खिळ्यांवर रंगानें ‘आवक’ व ‘जावक’ असें मराठींत लिहून ठेवावें. घरांतील दुसऱ्या माणसालाही तें वाचतां येतें.

आतां खरेदीकडे वळूं. नवें यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, लोहार चाळींत, पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा कोणत्याही मोठ्या शहरांतील विजेच्या बाजारपेठेंत मागितल्यास मिळतें. घरच्या कामाला ४ अँपिअरचें पुरतें. इस्तरी, शेगडी किंवा मोठें ड्रिल चालवावयाचें असल्यास ८ अँपिअरचें घ्यावें. याहून मोठें घेण्यांत मोठेपणा नाहीं, केवळ वजन आहे. कित्येक यंत्रें उघड्या जातीचीं, म्हणजे फळींत बसविण्याकरितां बनविलेलीं असतात. त्यांचे विजेचे खिळे मोकळे असतात. तीं स्वस्त पडतात, परंतु जाळीदार लोखंडी पेटी, खटका, फ्यूज व मीटर बसविण्याचा खर्च धरतां बंद पेटीचेंच घेणें सुज्ञपणाचें.

जुनें यंत्र चोरबाजारांत, जुन्या बाजारांत अथवा कारखान्यांच्या व महाविद्यालयांच्या लिलावांत स्वस्तांत मिळूं शकतें, आणि तें पारखून घेतलें तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतें. कारण त्यांत झिजण्यासारखी वस्तु म्हणजे काय ती ब्रशची. पारख पुढीलप्रमाणें करावी.

प्रथम पाटी वाचावी. अमेरिकेहून आलेलें यंत्र १२० व्होल्टांचें असूं शकतें. तें आपल्या विजेवर लावल्यास क्षणांत नष्ट होईल. एकाच दांड्यावर तीन कडीं असलेलें यंत्र तीन फेजांचें असतें. तें घरच्या उपयोगाचें नाहीं. पाटी नसेल तर यंत्र घेऊं नये.

नंतर, वीज न लावतां, मूठ एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावी. हाताला कोठें खडबड लागली, तर तेथें वेढा जळलेला किंवा उचललेला असण्याचा संभव आहे. झांकण काढून तांब्याची वाट पाहावी. ती सर्वत्र तांबूस किंवा एकसारखी तपकिरी असेल तर हरकत नाहीं. एखाद्या जागीं काळा खड्डा असेल तर यंत्र परत ठेवावें.

ब्रश कार्बनचाच आहे ना, हें पाहावें. ब्रश नेहमीं लगतच्या दोन वेढ्यांवर एकदम टेकतो व त्यांना आपल्या अंगानें जोडतो. कार्बनचा अंगचा अडथळा त्या दोन वेढ्यांमध्यें फिरणारा प्रवाह आवरून धरतो. कोणा हिकमती माणसानें कार्बन झिजला म्हणून पितळेचा तुकडा बसविला असेल, तर तो वेढे जाळून टाकील. ब्रश बदलावयाचा तर त्याच जातीचा, त्याच मापाचा मिळवावा.

यानंतर मीटरनें वेष्टन व लोखंडी अंग यांत कोठेंही संधान नाहीं, आणि अर्थिंगची पिन व अंग यांत मात्र पक्कें संधान आहे, हें तपासावें. ओळखीच्या वायरमनजवळ ५०० व्होल्टांचा मेगर असेल तर उत्तमच. शेवटीं, घरीं आणल्यावर, पहिल्यानें वीज देतांना आवकेच्या फेजच्या तारेंत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा मध्यें घालावा. दिवा क्षणभर लखलखून मंद झाला किंवा विझला तर वेष्टन शाबूत आहे. भरून पेटून राहिला, तर आंत वेढे एकमेकांस लागले आहेत असें समजावें. मग दिवा काढून, जावकेस कांहीं न लावतां, अर्धा तास चालू ठेवून वास व उष्णता पाहावी. अर्थात् हात लावण्यापूर्वीं प्लग काढून. मुठीचा कांटा दांड्यावर सरकलेला असूं शकतो. म्हणून पाटीच्या आकड्यांवर विसंबून न राहतां जावकेस कायमचा व्होल्टमीटर बसवावा.

या यंत्राचा उपयोग कोठें होतो? वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला एकदम पूर्ण दाब दिला तर त्यांतील जुने कंडेन्सर फुटूं शकतात. दाब पायरीपायरीनें, कांहीं तासांत वाढविल्यास त्यांतील कांहीं पुन्हां मार्गावर येतात. मात्र ज्या रेडिओंत रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच असतो, तेथें तो व्हॉल्व्ह पुरेसा तापेपर्यंत कंडेन्सरांना दाब मिळतच नाहीं. म्हणून कमी दाबावर सर्व शांत आहे यावरून सर्व ठीक आहे असा तर्क करूं नये. मेणाचे कागदी कंडेन्सर आधींच बदलावे. आणखी एक गोष्ट. ज्या काळीं कित्येक गांवांत एकदिश वीज पुरविली जाई, त्या काळचे ए.सी.-डी.सी. जातीचे रेडिओ अजून माळ्यांवर सांपडतात. त्यांचा लोखंडी सांगाडा विजेच्या एका तारेलाच जोडलेला असतो. असा रेडिओ अलग रोहित्रावांचून टेबलावर उघडूं नये, हें निक्षून सांगतों.

डागकामाची कढई किंवा डागणी फार तापत असल्यास ती बेतांत ठेवणें, मिक्सर, ड्रिल व शिवणयंत्राची कार्बन ब्रशची मोटर हळू चालवून तिचा दोष ऐकणें, मुलांच्या आगगाडीच्या रोहित्राची परीक्षा करणें, हीं कामें डिमरस्टॅट उत्तम करतें. उलट शीतकपाट, पाण्याचा पंप, वातानुकूलन यंत्र यांच्या मोटरींना कमी दाब दिला तर त्या सुरू न होतां नुसत्या गुरगुरतात आणि तापून जळतात. संगणक व भ्रमणध्वनीचे चार्जर कमी दाबावर उलट अधिक प्रवाह ओढतात. बॅटरीच्या एकदिश विजेवर तर डिमरस्टॅट कधींच जोडूं नये. तेथें तें रोहित्र राहत नाहीं, केवळ तारेचें भेंडोळें होतें, आणि जळतें.

उघडी नायक्रोमची तार तापवून थर्माकोल कापण्याची युक्ति पुष्कळांना ठाऊक आहे. २०१८ सालीं महाराष्ट्रांत थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आल्यापासून गणपतीच्या मखराकरितां तिचें प्रयोजन उरलें नाहीं. तथापि विमानांच्या प्रतिकृति करणारे तरुण अजून ती वापरतात. ही तार १०-१२ व्होल्टांवर तापते, म्हणून ती थेट डिमरस्टॅटला जोडण्याचा मोह होतो. वर सांगितलेला हिशेब ज्यानें वाचला त्याला हा मोह होऊं नये. हातांत धरावयाची उघडी तार ही नेहमीं दोन वेष्टनांच्या, १२ व्होल्टांच्या रोहित्रावरच चालवावी. दाब कमीजास्त करावयाचा असेल तर त्या रोहित्राच्या आवकेस डिमरस्टॅट जोडावें. म्हणजे मूठही हातीं राहते आणि अलगताही राहते.

आतां घरच्या शिस्तीचीं चार कलमें. काम सुरू करण्यापूर्वीं व संपल्यावर मूठ शून्यावर आणावी. पण शून्यावर आणली म्हणजे वीज गेली असें मानूं नये. वीज गेली तेव्हांच, जेव्हां प्लग भिंतीबाहेर काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला. प्लग काढल्यावरही रेडिओंतील मोठे कंडेन्सर कांहीं काळ भरलेले राहतात, याचें भान असावें. पायांत कोरड्या रबरी चपला, हातांत अंगठी-कडें नाहीं, आणि वीज चालू असतां मोजमाप एकाच हातानें, ही रीत पाडावी. मुठीवर ‘२३०’ च्या पुढें एक आडवा खिळा बसवून घ्यावा. नाहीं तर एखाद्या संध्याकाळीं नातवानें कुतूहलानें मूठ २७० वर नेलेली असते, आणि दुसऱ्या दिवशीं रेडिओ धूर सोडतो.

एकत्र कुटुंबांत एक सोय अशी आहे कीं, घरांत बहुधा कोणी ना कोणी असतें. तिचा उपयोग करावा. मुख्य खटका कोठें आहे हें फक्त हौशी गृहस्थालाच नव्हे, तर आजी, काकू आणि दहा वर्षांवरील प्रत्येक मुलाला ठाऊक असावें. कोणास विजेनें धरलें तर त्याला हात न लावतां आधीं तो खटका पाडावयाचा. तें शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीनें त्याला तारेपासून दूर करावयाचें. १०८ वर दूरध्वनि करावयाचा. आणि श्वास चालत नसेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर जोरानें व भराभर दाब देत राहावयाचें. हें एकदां सर्वांना बसवून सांगण्यास पाव तास लागतो. घरांत कोणी नसतांना मात्र उघड्या उपकरणाचें काम काढूं नये. रेडिओ चाळीस वर्षें मुका राहिला, तो आणखी एक दिवस राहूं शकतो.

डिमरस्टॅट हें भयंकर यंत्र आहे, असा समज करून देण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट घरच्या कार्यशाळेंत त्याच्याइतकें गुणी व दीर्घायुषी साधन दुसरें क्वचितच असेल. त्याचा कांटा खोटें बोलत नाहीं; तो जेवढें विचारावें तेवढेंच सांगतो. प्रश्न नीट विचारण्याचें काम आपलें आहे. ‘दोन तारांत किती दाब आहे?’ हें त्याला विचारावें. ‘माझ्यांत आणि तारेंत किती आहे?’ हें मात्र प्लगला, न्यूट्रलला, अर्थिंगला आणि अलग रोहित्राला विचारावें. आणि त्या चौघांची साक्ष जुळल्याशिवाय तारेला हात लावूं नये.